चाक बसलं ती सुगी

माघाची उन्हं तापायला लागली आणि शाळूची ताटं कापून रानात आडवी पडली की लोकांना हुरडा आठवतो, खळ्यावरची गाणी आठवतात. मला काटे आठवतात. बाभळीचे, पांढरे, जोडीजोडीने येणारे. सुगीत बाभळी सवळायच्या, छाटलेल्या फांद्या गाडीत घालून खळ्यावर न्यायच्या आणि खळ्याभोवती कुंपण करायचं, म्हणजे ढोरं कणसांना तोंड लावत नाहीत. गाडीतून फांद्या घसरायच्या आणि वाटेभर काटे सांडायचे. बैलांच्या खुरांना त्याचं काही नसे, माणसांच्या पायात जाड वहाणा असत. उरली कोण, तर आमची मोटार.

केजला माझ्या खिडकीसमोर हल्ली एका पंक्चरवाल्याने दुकान थाटलंय. जीपगाड्या, ट्रॅक्टर, फटफट्या, सगळ्यांची चाकं तिथे येऊन पडतात. सोल्युशनचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास दुपारी थेट घरात येतो. सून खिडकी लावायला धावते आणि मी तिच्यावर खेकसते. तिला वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलंही असेल. पण तो वास मला एकदम विशीतली करून टाकतो. विशीतली म्हणजे मोकळीढाकळी नव्हे बरं. निळ्या पडद्याआड घामाने भिजलेली, जीव गुदमरलेली.

नांदूरघाटला देशमुखांच्या घरात मला दिलं तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि आमच्यासारख्या घरांत गोशा पाळायचे. बाहेरच्या पुरुषाला घरच्या बाईचं नखही दिसता कामा नये, असा कडक कारभार. आडावर जायचं नाही, ओट्यावर उभं राहायचं नाही, हसायचं तेसुद्धा माजघरात. माहेरी शिरूरला मी ढेकळं तुडवत रानोमाळ फिरलेली पोरगी. सासरी आले आणि चार खोल्या नि एक परसू एवढंच जग उरलं. आधी रडले, मग रडायचाही कंटाळा आला.

अशात मोटार आली. बीडच्या कुणा अंमलदाराने वापरून काढून टाकलेली, पण आमच्या यजमानांनी ती अशी काही मिरवत आणली की बघत राहावं. मला वाटलं, सुटले! बैलगाडीने शिरूर गाठायचं तर वाटेत मुक्काम, सोबतीला गडीमाणसं, आणि कामाच्या दिवसांत ती कुणी द्यायची? मोटारीने सकाळी निघालं तर संध्याकाळच्या आत मायच्या दारात. मी मनातल्या मनात पोचलेसुद्धा. दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शिंपी बोलावला आणि मोटारीच्या मागच्या बैठकीला चारी बाजूंनी जाड निळे पडदे शिवून घेतले.

त्या पडद्यांच्या आतलं सांगते. उन्हात उभ्या मोटारीत पेट्रोलचा, तापलेल्या कातड्याचा आणि आपल्याच घामाचा वास एकत्र होतो आणि नाकाशी येऊन बसतो. बाहेर वारा सुटला की पडदा हलतो, वारा मात्र आत येत नाही. माणसं बोलतात ते ऐकू येतं, पण आपण खोकायचं नाही. डाव्या पडद्याची शिवण खालून जराशी उसवली होती. आपोआप नाही, मीच केसातल्या आकड्याने उसवली होती. त्या फटीतून मागचं चाक दिसे, चाकाभोवतीची माती दिसे आणि माणसांचे पाय दिसत. बाकी मुलूख कसा होता, डोंगर कुठे वळत होते, कुठल्या गावाला पार होता, ते मला आजही सांगता येणार नाही. चाकाचं विचारा.

मोटारीबरोबर बीडचा एक ड्रायव्हर काही दिवस आला होता, यांना चालवायला शिकवायला. चाक बसलं की तो उकिडवा बसे आणि मी फटीला डोळा लावे. आमच्या काळ्या रानात जॅक लावला की मोटार वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जाई. ड्रायव्हर शिव्या घाले, हे लांब उभे राहून रुमालाने तोंड पुसत. चाक खोलताना त्यांनी कधी वाकून पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं, कारण पाहायला दुसरं काही नव्हतंच.

त्या सुगीत शिरूरकडचा धुळाजी मेंढ्या घेऊन आला. तो दरसाल यायचा. कापलेल्या रानात त्याच्या मेंढ्या बसायच्या, रानाला खत व्हायचं आणि धुळाजीला ज्वारी मिळायची. परसदारी उभा राहून, माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं तो बोलला.

"ताई, माय आंथरुणाला खिळलीय. खाणं सुटलंय. लेक कवा येती, लेक कवा येती, येवढंच चालू हाय."

"हकीम आणला का न्हाई?"

"येऊन गेल्ता. त्यो म्हन्ला, सुगी निघंल का न्हाई काय सांगता येत न्हाई. तुमी निगा, ताई. उशीर नगा लावू."

मी दारामागे होते. मला मायला बघायचं होतं. एवढंच. त्या सुगीत मला दुसरं काही नको होतं.

आम्ही निघालो. गावाची शीव ओलांडायच्या आतच मागचं चाक बसलं. आत्याबाईंचा नियम असा की निघताना शिवेच्या आत खोळंबा झाला तर पुढे जायचं नाही, घरी यायचं आणि नवा दिवस काढायचा. आलो. ड्रायव्हर तोवर बीडला परतला होता. चाकात रबराची ट्यूब असते हे यांना माहीत होतं, तिला शिवता येत नाही हे माहीत नव्हतं. विहिरीच्या मोटेला भोक पडलं की शिवतात आणि तेल देतात, म्हणून यांनी ट्यूबही झकास शिवून आणली. मग काय, सुईच्या एकेका भोकातून हवा! ती फेकून दुसरी घातली. पुन्हा दिवस काढला, पुन्हा निघालो, पुन्हा तेच चाक. या वेळी बीडहून ठिगळ मारून आणलं. पुन्हा निघालो आणि पुन्हा शिवेच्या आत तेच चाक. पुन्हा बीड, पुन्हा ठिगळ.

"वाटच नगं म्हणती, सूनबाई," आत्याबाई म्हणाल्या. "आपण कावून तिच्याशी भांडायचं?" त्या दुष्ट नव्हत्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. त्या हाताखाली मला ओरडावंसं वाटत होतं.

रात्री पडल्या पडल्या मायचा चेहरा आठवायची आणि मधेच ते चाक यायचं. ठिगळं सगळी एकाच जागी होती, शेजारी शेजारी. चोळीला एकाच जागी सारखं भोक पडायला लागलं तर दोष चोळीचा नसतो, दाराच्या चौकटीत कुठेतरी खिळा वर आलेला असतो. म्हणजे काट्याचं टोक टायरच्या आतच मोडून बसलं होतं. ट्यूब बदलली, ठिगळं मारली, पण आत हात घालून कुणी चाचपलंच नव्हतं. बीडच्या कारागिराकडे यांनी नुसती ट्यूब नेली होती, टायर इथेच होतं. हे यांना सांगायचं कसं? बाईने मोटारीतलं सांगितलं की पुरुष दोन दिवस ऐकतच नाही.

मग यांनीच नगरला जाऊन सामान आणायचं ठरवलं. नगर इंग्रजांच्या मुलखात, दुकानं मोठी. तिथल्या दुकानाचं एक चित्रांचं पुस्तक घरी आलं आणि ते मी अशा भक्तीने चाळलं की आत्याबाईंना वाटलं पोथी आहे.

"ही पेटी आणतो," हे म्हणाले. पेटी चांगली ट्रंकेएवढी होती, पितळी कोयंड्याची. "सगळं हाय हिच्यात."

"लई झाक हाय," मी म्हणाले. "उचलायला दोन गडी लागतील, न्हाई का? त्यांनाबी मोटारीतच बशिवणार का?"

हे विचारात पडले.

"तुमीच मागं म्हणत होता," मी पुढे सरकवलं, "सामान कसं एका हातात आलं पाहिजे."

असलं काही हे जन्मात म्हणाले नव्हते. पण मान डोलावून म्हणाले, "हां, म्हन्लो होतो खरं."

सगळी खरेदी अशी झाली. हवा भरायला यांना दोन नळकांड्यांचा पितळी पंप हवा होता. मी म्हटलं, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई असलं झगमगीत बघून उगाच तासभर अडवतील, तो बारका पंप बरा. खरं कारण असं की बारका पंप माझ्या हातांना झेपणारा होता. सोल्युशनचा मोठा डबा नको, छोट्या नळ्या हव्यात, कारण डबा एकदा उघडला की वाळून खडखडीत होतो. आंब्याच्या रसाचं मोठं भांडं एकदा उघडलं की संपवावंच लागतं, असं मी म्हणाले आणि ते यांना पटलं. टायर उचकायच्या लोखंडी पट्ट्या आखूड असाव्यात पण कडा गुळगुळीत, नाहीतर एक भोक बुजवताना दुसरं पडतं. रबराची ठिगळं, घासायला काचकागद. ट्यूब आत चिकटू नये म्हणून लावायला शंखजिऱ्याच्या भुकटीची पुरचुंडी मात्र घरचीच घेतली. जॅक जुनाच, जड, तो मोटारीत राहायचा. त्याच्या खाली घालायला एक रुंद फळी मी जुन्या पाटाची काढून दिली. आणि काटा ओढायला माझ्या कंबरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यातला चिमटा. तो मायने दिलेला. लहानपणी माझ्या तळव्यातले काटे ती त्यानेच काढायची.

बैलाच्या जुन्या झुलीची मी पिशवी शिवली, आत कप्पे केले. एकेक वस्तू घालून बघायची, पिशवी उचलून बघायची, जड वाटली तर एखादी काढायची. प्रवासाला माणसाने काय घ्यावं आणि काय टाकावं, याचा विचार मी तेव्हा पहिल्यांदा केला. लग्नात माझ्याबरोबर भांडी आली, लुगडी आली, गाय आली. तुला काय लागतं, असं मला कुणी विचारलं नव्हतं. हे आठवून पिशवीवर दोन टिपं गळाली, आणि मग माझं मलाच हसू आलं. पंपावर रडणारी बाई कुणी पाहिली आहे का?

आता दिवस. चांगला दिवस गुरुवार निघाला आणि यांचं तहशिलीत काम. निघणार शनिवारी. यावर आमच्याकडे तोड आहे, प्रस्थान ठेवायचं. चांगल्या वेळेला आपली एखादी वस्तू शिवेपलीकडे नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालो असं धरतात, आणि मग सवडीने जाताना ती उचलून घ्यायची. एकदा ठेवलेलं प्रस्थान मागे मात्र आणायचं नाही. आणलं की प्रवास मोडला.

"बैलगाडी व्हती तवा चाबूक ठिवायचे," आत्याबाई म्हणाल्या. "ज्याच्या जिवावर जायचं, ते ठिवायचं."

हे मोठ्या उत्साहाने उठले आणि माझी पिशवी हळदीकुंकू लावून शिवेवरच्या मारुतीच्या देवळात नेऊन ठेवली. आणि इतक्या शहाण्या माणसांच्या त्या घरात, माझ्यासकट, एकाच्याही डोक्यात आलं नाही की चाक घरापासून शिवेपर्यंतच्या तुकड्यातच बसतं.

ते शनिवारी सकाळी चावडीसमोर बसलं. फस्स करून. मला फटीतून यांचे जोडे दिसले. जोडे चाकाजवळ आले, थांबले, मोटारीच्या मागे गेले, परत आले. मग नुसते उभे राहिले.

"पिशवी मारुतीपाशी हाय," हे पडद्याला म्हणाले.

"मग आणवा की कुणाकडनं."

"प्रस्थान मागं आणायचं? आईला काय सांगू?"

"मग मोटार न्या तिथवर."

"बसल्या चाकावर? टायरच्या चिंध्या होतील. चल, फिरू मागं. शिमगा झाल्यावर बगू."

पिशवी मोटारीकडे येऊ शकत नव्हती आणि मोटार पिशवीकडे जाऊ शकत नव्हती. मी दोन्हीच्या मधे. बाहेर चावडीवर माणसं जमल्याची कुजबुज. पडद्याच्या आत हवा संपल्यासारखी झाली. शिमगा झाल्यावर! मायकडे शिमगा होता का?

"चाक तर जाईल ना मारुतीपाशी?" मी म्हणाले. "काढा अन् लोटत न्या."

"मी? गावातनं चाक लोटत?" हे इतक्या हळू म्हणाले की मला त्यांची दयाच आली. त्यांनाही कुणी तरी पडदे शिवलेलेच होते, फक्त ते दिसत नव्हते. पण दया करायला मला वेळ नव्हता. मी पडदा सारला, पदर नाकापर्यंत ओढला आणि खाली उतरले.

"अरं, बाईसाब उतरल्या बे!" कुणी तरी दबक्या आवाजात म्हणालं. आणि मग चावडीवरच्या सगळ्या माणसांनी, म्हातारे, तरणे, पाटील, शिपाई, एकदम आमच्याकडे पाठ केली. देशमुखांची बाई दिसली की नजर फिरवायची, हा रिवाज. नुसत्या पाठी. बंड्या, उपरणी, पटक्यांचे शेमले.

"चाक काढा," मी म्हणाले.

इतक्या पाठींसमोर बायकोशी भांडायचं कसं? त्यांनी फळी घातली, जॅक लावला, चाक काढलं. त्यांनी ते उभं करून धरलं आणि तसेच धरून राहिले. मी ते घेतलं आणि लोटत निघाले. धुळीत चाक जड जातं, मधेच लवंडायला बघतं. दोन्ही बाजूंना पाठी आणि मधून मी, आणि मागून हे, आपला काही संबंध नसल्यासारखे. वेशीतून बाहेर पडले तेव्हा समोर कापलेली रानं दिसली, लांबवर धुळाजीच्या मेंढ्या दिसल्या, आणि वारा थेट तोंडावर आला. मी रडत होते की हसत होते, मला आठवत नाही.

देवळाच्या पारावर बसले. यांनी आतून पिशवी आणून दिली. पट्ट्या घालून टायर उचकलं, ट्यूब ओढून काढली, हवा भरून गुरांच्या डोणीत बुडवली. बुडबुडे अगदी तिथेच आले. पुसलं, घासलं, सोल्युशन लावलं आणि थांबले. ते जरा सुकू द्यावं लागतं, घाई केली तर ठिगळ उठतं. हे म्हणाले, "लाव की लवकर." मी म्हणाले, "थांबा." लग्नानंतर हा शब्द मी त्यांना पहिल्यांदा बोलले. ठिगळ दाबून बसवलं आणि मग टायरच्या आत हात घालून बोटं फिरवत गेले. टोचलं! चिमट्याने ओढून काढलं ते काळं पडलेलं टोक यांच्या तळव्यावर ठेवलं. यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग पंप घेतला आणि हवा भरायला लागले.

त्या दिवशी मला गावात कुणीही पाहिलं नव्हतं, सगळ्यांच्या पाठीच होत्या. तरी आम्ही परत येईपर्यंत घराघरांत ते पोचलेलं होतं. आत्याबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. पाडव्याच्या सुमाराला मोटार विकून टाकली आणि तिच्याबरोबर पिशवीही गेली. पुढच्या पावसाळ्यात माय गेली, तेव्हा नद्यांना पाणी होतं आणि मला जाता आलं नाही. वाटेत कुणी अडवलं, असं म्हणता येत नाही. घरातून निघणंच झालं नाही.

पण त्या शनिवारी मी गेले. शिरूरला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मायच्या खोलीत शेणाने सारवल्याचा आणि काढ्याचा वास होता. माझी दांडगी माय वाकळीखाली एवढीशी झाली होती. तिने डोळे उघडले, मला ओळखलं, आणि माझा हात धरून उजेडाकडे नेला. नखांत काळं रबर भरलेलं, बोटाला रक्त सुकलेलं.

"हात कावून असे?"

"चाक बसलं होतं, माय. मी नीट केलं."

"तू?"

"मीच."

तेवढ्यात दारात यांचं खाकरणं ऐकू आलं. मायने झटकन माझे दोन्ही हात वाकळीखाली ओढून घेतले, डोक्यावरचा पदर सावरला आणि दाराकडे बघून मोठ्याने म्हणाली, "या, जावईबापू. लई तसदी घेतली तुमी. तुमच्यामुळं लेक दिसली."

"त्यात काय येवढं," हे म्हणाले.

वाकळीखाली मायने माझी काळी बोटं इतकी घट्ट आवळली की दुखलेल्या बोटातून कळ गेली, आणि हे उठून बाहेर जाईपर्यंत तिने ती सोडली नाहीत.